नाही म्हणवणार नाही अशी जागा

बाईंचे पत्र थंडीत आले आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली तरी मी त्याला उत्तर दिले नव्हते. पत्र हरवले नव्हते. ते माझ्या टेबलावर शब्दकोशाखाली होते, म्हणजे रोज हाताला लागत होते. समजायला अवघड असेही त्यात काही नव्हते. बाईंचे अक्षर पहिल्यापासून छापल्यासारखे, आणि मजकूर जेमतेम एका पानाचा. गुडघा बरा आहे, शेजारी चांगले मिळाले आहेत, एवढे सांगून झाल्यावर त्यांनी नवा परिच्छेद केला होता:

"मुलगा मेच्या मध्याला सुट्टीत येतो आहे. मला कायमचे आपल्याकडे न्यायचे त्याच्या मनात आहे. गेले तर हे घर सोडावे लागेल. त्याआधी तुम्हाला एक विचारायचे आहे. उरलेले दिवस आपण दोघांनी एकत्र काढले तर? लग्न करून म्हणते आहे. लोकांना समजावत बसण्यापेक्षा ते सोपे. तुमचे उत्तर नाही असले तरी मला राग येणार नाही, मात्र तसे कळवा. फोनवर तुम्ही फक्त 'बरं' म्हणता, म्हणून पत्र. स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे, कुकर लावला आहे, तेव्हा लांबवत नाही."

हे वाचून मी खुर्चीवरून उठलो, खिडकीपर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो. उत्तर 'हो' होते. त्याबद्दल मला एक क्षणही शंका आली नाही, आणि मला शंका येत नाहीत अशा गोष्टी फार थोड्या आहेत. पण 'हो' एवढेच लिहून पाकीट बंद करणारा माणूस मी असतो तर माझे सगळे आयुष्यच वेगळे गेले असते. पहिले उत्तर लिहिले ते सरकारी कचेरीतून आल्यासारखे वाटले. दुसऱ्यात इतकी फुले आणि चांदणे आले की मलाच लाज वाटली. तिसरे बरे होते. ते मी सुधारले, आणि सुधारून सुधारून त्यात काही उरले नाही.

बाई आणि मी एका छापखान्यात, एकाच खोलीत, वर्षानुवर्षे काम केले. लेखकाचे हस्तलिखित त्या मोठ्याने वाचायच्या आणि मी छापून आलेल्या कच्च्या कागदावर पेन्सिल फिरवत चुका धरायचो. असे वाचताना विरामचिन्हेही म्हणायची असतात. त्यामुळे स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरण सुरू, अवतरण पूर्ण असे ऐकत माझे दिवस गेले. बाईंच्या तोंडात ते इतके बसले होते की एकदा मॅनेजरने खोलीतल्या पंख्याचे उद्यावर ढकलले, तेव्हा त्या म्हणाल्या, "पंखा आज लागेल, पूर्णविराम." पंखा त्याच दिवशी लागला. त्यांचे यजमान मुलगा शाळेत असतानाच गेले होते. माझ्या लग्नाचे वय कधी आले आणि कधी गेले, मला कळले नाही. मी तेव्हा काहीतरी वाचत असणार. कामाच्या वेळी माझी नजर कागदावर असायची, त्यामुळे बाईंच्या चेहऱ्यापेक्षा त्यांचा आवाज मला जास्त ओळखीचा आहे. हे कौतुकाने सांगण्यासारखे नाही, पण खरे आहे.

एकदा आमच्याकडे थंड हवेच्या एका गावाची माहितीपुस्तिका आली. त्यात एके ठिकाणी होते: 'तळ्यावरच्या कड्यावर एक जुना दगडी बाक आहे. तेथे बसले असता संपूर्ण तळे नजरेत मावते.' बाई तिथे थांबल्या. त्या सहसा थांबत नसत.

"अशा जागी कुणी काही विचारलं," त्या म्हणाल्या, "तर माणसाला नाही म्हणवणार नाही."

मी पेन्सिल त्या ओळीवर ठेवून म्हणालो, "पुढे?"

त्यांनी पुढे वाचले.

चौथे उत्तर फाडताना मला हे आठवले, आणि माझ्या कारभारात सहसा होत नाही ते झाले. काय करायचे ते ठरले. बाईंनी कुकरशेजारी बसून विचारले होते. मी त्यांना रीतसर विचारायचे, त्या बाकावर, तळ्यासमोर. ते गाव बाईंच्या शहरापासून बसने अर्ध्या दिवसावर होते. आधी आपण जाऊन जागा पाहायची, मग त्यांना तिथे बोलवायचे, आणि आयुष्यात एकदा तरी 'पुढे?' सोडून दुसरे काही म्हणायचे.

माझी धाकटी बहीण आणि मेहुणे दर सुट्टीत कुठेतरी जातात. दर वर्षी मला बोलावतात, आणि दर वर्षी मी काहीतरी कारण सांगतो. या वेळी मीच फोन करून म्हणालो, "मी येतो, पण जायचं असलं तर त्याच गावी." मग बहिणीने विचारले, "दादा, तुझी तब्येत ठीक आहे ना?"

*

गावातल्या विश्रामगृहात आम्हाला वरच्या मजल्यावर समोरासमोरच्या दोन खोल्या मिळाल्या. पहिल्या संध्याकाळी मी बहिणीच्या खोलीत पलंगावर पुस्तिकेतला नकाशा पसरून बसलो होतो. ती कपाटात कपडे लावत होती.

"आल्यापासून नकाशा बघतोयस," ती म्हणाली. "कुणाच्या मागावर आहेस?"

लपवण्याची माझी तयारी होती, पण ते मला जमण्यातले नव्हते. मी सगळे सांगितले. ती हसेल असे वाटले होते. ती हातात टॉवेल घेऊन तशीच पलंगाच्या कडेवर बसली.

"बाई म्हणजे छापखान्यातल्या बाई?"

"आणखी कोण असणार?"

"आणि त्यांनी हे कधी विचारलं?"

"थंडीत."

"ऐकलंत का," तिने गॅलरीत बसलेल्या मेहुण्यांना सांगितले, "याला थंडीत लग्नाचं विचारलंय. आता अंघोळीला गार पाणी घ्यायचे दिवस आले."

"मग आता वहिनी म्हणायचं का त्यांना?" मेहुणे तिकडून म्हणाले.

"तुम्ही चहा प्या. दादा, उचल तो फोन."

"फोनवर नको."

"का नको?"

"फोनवर मी बरं म्हणतो."

"मग बरं म्हण. तेवढ्यानं सुद्धा काम होईल."

"मला नीट विचारायचं आहे. समोर. चांगल्या जागी."

"अरे, पण विचारून झालंय," ती म्हणाली. "तिनं पेपर काढला, तुझ्या हातात दिला. आता तू तिला म्हणतोयस, थांबा, मी आधी चांगलासा वर्ग शोधतो."

मेहुणे गॅलरीत खोकले. ते हसले की खोकतात.

"तिचा मुलगा कधी येतोय?"

"पुढच्या आठवड्यात."

"आणि तो आला की ती घर सोडून त्याच्याबरोबर जाणार."

"मी काही कळवलं नाही तर जातील."

"तू कळवलंयस का काही?"

मी नकाशाची घडी घालायला लागलो. घडी नीट पडेना.

"उद्या आपण जागा बघू," मी म्हणालो. "संध्याकाळी पत्र टाकू. चार-पाच दिवसांत त्या येतील. अजून वेळ आहे."

घरातल्या कुठल्याही वादात मी आजवर जिंकलेलो नाही. त्या संध्याकाळीही जिंकलो असे म्हणवत नाही, पण हटलो नाही. बहिणीने बरेच काही ऐकवले. शेवटी तिने टॉवेल दांडीवर टाकला आणि एवढीच अट घातली की कड्यावर चढण्याआधी गाडी जाते अशा जागा बघायच्या. "त्या बाईंचा गुडघा आहे," ती म्हणाली. "प्रेमानं काही चढ कमी होत नाही."

*

दुसऱ्या दिवशी आम्ही आधी, सगळे लोक जातात त्या मोठ्या पॉइंटवर गेलो. जागा सुंदर होती, त्यात शंका नाही. खाली दरी, पलीकडे एकामागे एक डोंगर, अलीकडे लोखंडी कठडा. कठड्यापाशी पुठ्ठ्याचा माणसाएवढा लाल बदाम उभा केला होता आणि त्याला मधोमध भोक होते. एका फोटोवाल्याने मला आणि बहिणीला धरून त्या भोकापुढे उभे केले.

"आजी-आजोबा, थोडं जवळ. हात धरा."

"हा माझा भाऊ आहे," बहीण म्हणाली.

"मग हात नका धरू. नुसतं हसा."

आमच्या नंतर एक तरुण आला. तो बदामापुढे गुडघ्यावर बसला आणि त्याने खिशातून डबी काढली. आजूबाजूचे सगळे फोन वर झाले. मुलगी गोंधळली. तिने आधी आम्हा सगळ्यांकडे पाहिले, मग त्याच्याकडे, आणि होकारार्थी मान हलवली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, इतरांच्या मागोमाग.

"काय, आवडली का जागा?" बहिणीने विचारले.

"गर्दी फार आहे."

"पण हमखास आहे बघ. पाच मिनिटांत निकाल."

तिथून आम्ही तळ्याकाठी गेलो. काठाने फरसबंद रस्ता होता, बसायला बाक होते, चढ अजिबात नव्हता. बहिणीला जागा पसंत पडली. मेहुण्यांना तिने लांबच्या बाकावर पिटाळले आणि मला म्हणाली, "आता समज मी बाई आहे. बोल."

"तू बाई नाहीस."

"म्हणून तर समज म्हणाले. बोल ना, काय बोलणार आहेस ते कळू तरी दे."

मी घसा साफ केला. वाक्य मी प्रवासात तयार केले होते. "बाई," मी म्हणालो, "इतकी वर्षं मी तुमचं वाचन..."

"सात नंबर," भोंग्यातून आवाज आला. "सात नंबरची बोट, तुमची वेळ संपली आहे. परत या."

बहिणीने ओठ दाबून धरले. मी पुन्हा सुरुवात केली. "इतकी वर्षं मी तुमचं वाचन ऐकलं, पण तुम्हाला..."

"सात नंबर. मागचे लोक थांबलेत."

मेहुण्यांचे खोकणे लांबच्या बाकावरून ऐकू आले. बहिणीने रुमाल काढून डोळे पुसले आणि म्हणाली, "चल बाबा. कड्यावर जाऊ."

*

विश्रामगृहाच्या व्यवस्थापकाला मी बाकाबद्दल विचारले तेव्हा तो माझ्या हातातल्या पुस्तिकेकडे बघत राहिला.

"हे तुम्हाला कुठे मिळालं?"

"आम्हीच छापलं आहे," मी म्हणालो. माझ्या बोलण्यात थोडा अभिमान आला असावा.

"वाट आहे अजून," तो म्हणाला. "पण हल्ली कुणी जात नाही."

का जात नाही ते त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. छापलेल्या मजकुराबद्दल कुणाला विचारायचे ही सवयच मला नव्हती. मेहुण्यांनी चढ बघून पायथ्याच्या चहाच्या दुकानात मुक्काम ठोकला. मी आणि बहीण वर निघालो. वाट अरुंद होती, पण पायऱ्या ठीक होत्या. गुडघ्याचा विचार करून मी प्रत्येक वळणावर थांबून पाहिले. सावकाश चढले, मधे दोन-तीनदा बसले, तर बाईंना जमेल असे मला वाटले. बहीण मागून म्हणाली की बाईंचे जमेल, तिचे स्वतःचे काही खरे नाही.

बाक होता. दगडी, जुना, पुस्तिकेत होता तसाच. मी त्यावर बसलो आणि समोर पाहिले.

समोर झाडे होती. अगदी बाकाच्या पायापासून सुरू झालेली, एकमेकांत शिरलेली, डोक्याच्या वर गेलेली. तळे सोडाच, आभाळसुद्धा तुकड्यातुकड्यांनी दिसत होते. मी डावीकडे सरकलो, उजवीकडे सरकलो, शेवटी बाकावर उभा राहिलो. पाने आणखी जवळून दिसली, एवढाच फरक.

बहीण धापा टाकत आली, माझ्याशेजारी बसली आणि तिने माझ्या हातातली पुस्तिका घेतली. "तेथे बसले असता," तिने वाचले, "संपूर्ण तळे नजरेत मावते." मग तिला हसू फुटले. ती इतकी हसली की तिला बाकाची पाठ धरावी लागली. "मावलं बाई," ती म्हणाली, "सगळं मावलं."

मला हसू आले नाही. या पानावरचा एकेक ऱ्हस्व-दीर्घ मी तपासला होता. मधल्या वर्षांत झाडे वाढतील, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. मी छापखाना सोडला, बाई गाव सोडून गेल्या, माझे केस गेले, आणि तळे मात्र जिथल्या तिथे माझी वाट बघत असेल असे मी धरून चाललो होतो.

शहाणा माणूस त्याच वेळी खाली उतरला असता आणि बहिणीच्या म्हणण्याप्रमाणे त्याने फोन केला असता. मी खाली उतरलो, विश्रामगृहाच्या माळ्याला गाठले आणि त्याच्याकडून फांद्या छाटायची लांब दांड्याची कात्री मागून घेतली.

"हे तू गंमत म्हणून करतोयस ना?" बहिणीने विचारले.

"नाही."

"दादा, तू कधी घरातली कुंडीसुद्धा हलवलेली नाहीस."

"उद्या सकाळी लवकर निघू," मी म्हणालो. "ऊन व्हायच्या आत."

*

मला फार काही नको होते. बाकासमोर खिडकीएवढी मोकळी जागा झाली असती तरी माझे काम भागले असते. दोघांना शेजारी बसून एकदम पाहता येईल एवढी. सकाळी वर पोचल्यावर मी बाह्या दुमडल्या आणि कामाला लागलो. बारीक फांद्या सहज तुटत होत्या, मनगटाएवढ्या फांद्या मला दाद देत नव्हत्या. बहीण बाकावर बसून थर्मासमधला चहा पीत होती आणि मला दिशा सांगत होती. "डावीकडची. ती नाही रे, तिच्या मागची. अरे, तुझ्या डोळ्यात जाईल." शर्ट घामाने भिजला, हाताला ओरखडे आले. तरी मी थांबलो नाही. खरे सांगायचे तर मला बरे वाटत होते. पत्र आल्यापासून पहिल्यांदाच मी काहीतरी करत होतो.

"काय शोधताय, आजोबा?"

मागे खाकी कपड्यातला एक माणूस उभा होता. त्याच्या खांद्यावर वनखात्याची पट्टी होती.

"तळं," मी म्हणालो.

"तळं खाली आहे."

"इथून दिसायला हवं होतं."

"दिसायचं. आमच्या आधीच्या साहेबांच्या वेळी दिसायचं म्हणतात."

"मग तुम्ही ही झाडं छाटत का नाही?"

"झाडं वाढावीत म्हणून तर मला पगार आहे," तो म्हणाला. त्याने माझ्या हातातून कात्री काढून घेतली, रागावून नव्हे, घसरणाऱ्या माणसाच्या हातातून पिशवी घेतात तशी. पायाशी पडलेल्या फांद्यांकडे त्याने पाहिले. "तसा दंड होतो याला. पण तुम्ही काही फार कापलेलं दिसत नाही."

"तीन दिवसांनीसुद्धा त्याच्या हातून फार कापून झालं नसतं," बहीण म्हणाली. "चहा घेता?"

त्याने चहा घेतला आणि आम्ही इथे कशाला आलो ते विचारले. बहिणीने आडपडदा न ठेवता सांगून टाकले, "याला लग्नाचं विचारायचंय एका बाईंना."

वनरक्षकाने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "मग मोठ्या पॉइंटवर जा ना," तो म्हणाला. "सगळे तिकडेच विचारतात. फोटोवालापण असतो तिथे." चहा संपवून त्याने कप बहिणीला परत दिला, कात्री बाकाला टेकवून ठेवली, "जाताना घेऊन जा, पण आता उघडू नका," असे बजावले आणि तो पायऱ्यांनी निघून गेला.

मी बाकावर बसलो. समोर इतकी खटपट करून मी जेवढी जागा मोकळी केली होती, तेवढ्यातून पलीकडचे आणखी एक झाड दिसत होते.

"पत्र आहे का जवळ?" बहिणीने विचारले.

ते पुस्तिकेतच होते. मी दिले. ती मोठ्याने वाचू लागली. गुडघा, शेजारी, मुलगा. इतके महिने मी ते मनातल्या मनात वाचत होतो. दुसऱ्याच्या आवाजात ऐकल्यावर ते निराळेच वाटले. त्यात कुठे विनवणी नव्हती. हवे आहे ते सरळ सांगितले होते आणि समोरच्याला जायला वाट ठेवली होती. 'तुमचे उत्तर नाही असले तरी मला राग येणार नाही' इथपर्यंत आल्यावर बहिणीचा आवाज मंदावला. तिने ते वाक्य पुन्हा वाचले, या वेळी स्वतःसाठी.

"दादा, एक विचारू? रागावू नकोस. तुला हाच बाक का हवा?"

मी तिला बाई एकदा काय म्हणाल्या होत्या ते सांगितले. अशा जागी विचारलं तर माणसाला नाही म्हणवणार नाही.

तिने पत्राची घडी घातली. "म्हणजे त्यांना नाही म्हणता येऊ नये, म्हणून तू डोंगर शोधतोयस."

"तसं नाही."

"मग कसं?"

पॉइंटवरच्या त्या मुलीने हो म्हणायच्या आधी आमच्याकडे पाहिले होते, ते माझ्या डोळ्यांपुढे आले. मी किती दिवस गप्प राहिलो हे मला ठाऊक होते. या दिवसांत बाईंनी माझ्या गप्प राहण्याचा काय अर्थ लावला असेल, हेही ठाऊक होते. त्यांनी मनातून मला बाद करून मुलाकडे जायचे पक्के केले असेल, तर माझ्या बाजूने बोलायला मला एखादे तळे हवे होते. डोंगर, वारा, चार घटका उतरते ऊन, सगळ्यांनी मिळून त्यांना अडवून धरावे, म्हणजे माझ्यावर ते काम येणार नाही. त्यांनी मला नकाराची मोकळीक दिली होती. मी ती त्यांना द्यायला तयार नव्हतो.

"भीती वाटते," मी म्हणालो.

"वाटणारच," बहीण म्हणाली. "इतके महिने गप्प बसलायस. मलाही वाटली असती." तिने थर्मासचे झाकण लावले. "मी जरा पलीकडे फिरून येते. मला काही विचारू नकोस, मी काही सांगणार नाही."

बाईंना बोलावण्यासाठी म्हणून पत्ता घातलेले पाकीट आणि कोरे कागद मी घरूनच आणले होते. पुस्तिका मांडीवर घेऊन तिच्यावर कागद ठेवला. या वेळी काय लिहावे हा प्रश्न पडला नाही. मी लिहिले:

"बाई, स. न. तुमचे पत्र मला थंडीतच मिळाले. उत्तर हो आहे. तेव्हाही होते. उशीर झाला तो माझ्या स्वभावामुळे, दुसरे काहीही कारण नाही. मधल्या काळात तुमचा विचार बदलला असेल, मुलाकडे जायचे ठरले असेल, तर तसे कळवा. मला वाईट वाटेल, राग येणार नाही. बदलला नसेल तर तुमचा मुलगा येईल तेव्हा मी तिथे असावे असे मला वाटते. त्याच्याशी मी बोलेन. कोणत्या दिवशी यायचे ते तुम्ही सांगा, फोनवर सांगितले तरी चालेल, मी बरं म्हणून थांबणार नाही. तुमचे आणि माझे लग्न व्हावे अशी माझी फार इच्छा आहे. हे पत्र मी डोंगरावर एका बाकावर बसून लिहितो आहे. इथून काहीही दिसत नाही."

बहीण परत आली तेव्हा मी कागद तिच्यापुढे धरला. ती उभ्या उभ्या वाचत होती आणि मी तिच्या चपलांकडे बघत होतो.

"शेवटचं वाक्य कशाला?"

"खरं आहे म्हणून."

"काढ ते. हसतील त्या."

"हसू देत," मी म्हणालो. मी कागद घेतला, पाकिटात घातला आणि पाकीट चिकटवून टाकले. त्यात एका ठिकाणी 'बाकावर'च्या आधी शाईचा डाग पडला होता. पुन्हा लिहून काढण्याचा मोह मला झाला. मी कात्री उचलली आणि पायऱ्या उतरायला लागलो.

मेहुणे चहाच्या दुकानात कुणा अनोळखी माणसाशी राजकारणावर बोलत होते. मला घामाघूम, हातावर ओरखडे, एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात पाकीट, अशा अवतारात पाहून ते उठून उभे राहिले.

"काय झालं?"

"पोस्टात चला," बहीण म्हणाली. "गाडीत सांगते."

पोस्ट बाजारपेठेच्या टोकाला होते. आम्ही पोचलो तेव्हा बाहेरच्या पेटीचे दार उघडे होते आणि पोस्टमन उकिडवा बसून आतली पत्रे पोत्यात भरत होता. सुट्टीवर आलेल्या लोकांची चित्रांची कार्डेच त्यात जास्त होती. मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो. बहीण आणि मेहुणे गाडीतून उतरले नाहीत, पण दोघांनी काचा खाली केल्या होत्या.

"टाकायचंय का?" पोस्टमनने वर न बघता विचारले.

"हो. कधी पोचेल?"

त्याने पाकिटावरचा पत्ता पाहिला. "परवा. आजच्या गाडीनं गेलं तर. तिकीट कुठाय?"

तिकीट नव्हते. मी आत गेलो, रांगेत उभा राहिलो, तिकीट घेतले, तिथल्या ओल्या स्पंजवर फिरवून ते सरळ लावले. बाहेर आलो तेव्हा पोस्टमन पोत्याची दोरी ओढत होता.

"थांबा," मी म्हणालो. मला वाटले होते त्यापेक्षा माझा आवाज मोठा निघाला. रस्त्यावरचे दोघे-तिघे वळून बघायला लागले.

पोस्टमनने पोत्याचे तोंड पुन्हा उघडले आणि माझ्यापुढे धरले. मी पाकीट आत सोडले. ते कार्डांवरून घसरत खाली गेले. त्याने दोरी आवळली, पोते खांद्यावर टाकले आणि तो टपालाच्या गाडीकडे निघाला.